तो गुलाब अंगणातला नव्हता

१४ जानेवारी

चिमे,

आशीर्वाद शेवटी उरले तर देईन. आत्ता अंगाची लाही लाही होते आहे.

इतक्या वर्षांनी ताईला माझी आठवण कशी झाली, असं तुला वाटेल. मला नाही झाली, कंपनीच्या वकिलाला झाली.

काल नगरपालिकेच्या हॉलमध्ये आपल्या खाणीची सुनावणी होती. बंद पडलेली चुनखडीची खाण एका नव्या कंपनीने विकत घेतली आहे आणि त्यांना उत्तरेचा पडलेला कडा उचलायचा आहे. तोच कडा, चिमे. ज्याच्याखाली बाबा आहेत, वायरमन आहे, मुकादम आहेत. कडा खाली आला तेव्हा जुन्या मालकाने थोडे दिवस शोधल्यासारखं केलं, मग ‘वरचा भाग अजून ढासळतोय, आणखी माणसं घालवायची का’ म्हणून हात झटकले आणि खाणीला कुलूप लावलं. तेव्हापासून ते तिघं तिथेच आहेत.

आता गंमत ऐक. दगडाखालच्या माणसांसाठी कुठलंही कलम नाही. मी विचारून विचारून अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. पण त्या दगडांवर जो रानगुलाब पसरलाय, तो दुर्मीळ आहे म्हणे, संरक्षित आहे. त्याला हात लावायचा तर सुनावणी घ्यावी लागते. माणसांना नाही, झुडपाला कायदा आहे. मग काय, आम्ही त्या झुडपाला धरून भांडतोय.

वकील म्हणाला, “आम्ही एकही झुडूप मारणार नाही. सगळी उचलून हमरस्त्याच्या कडेला सुंदर बाग करू.”

मी उठून म्हटलं, “हा गुलाब उचलून कुठेही लावता येत नाही. त्याला दगडच लागतो.”

तर त्याने काय करावं? ब्रीफकेसमधून तुझं पुस्तक काढलं! आत खुणेला कागद घातलेला होता. आणि हा असा गळा काढून वाचायला लागला: “आमच्या अंगणात, विहिरीच्या गार सावलीत, आईने हा रानगुलाब लावला होता. ती त्याला नेमाने खत घालायची, रोज पाणी द्यायची. शेवटच्या आजारात बाबा खाटेवरून त्याच्याकडे बघत राहायचे. त्याच खाटेवर, त्या फुलांच्या वासात, त्यांनी शांतपणे डोळे मिटले.”

मग पुस्तक मिटून माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, लेखिका आपल्या सख्ख्या भगिनी ना? मग एकदा ठरवा. वडील कड्याखाली आहेत, की खाटेवर?”

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. वायरमनची बायको माझ्या शेजारी बसली होती. तिला आता ऐकू कमी येतं. तिने माझी बाही ओढली, “काय म्हणाला गं तो?” मला सांगता आलं नाही.

आपल्याला कुठे होतं अंगण? दोन खोल्या, पुढे कामगारवस्तीचा रस्ता, मागे गटार. विहीर कुठून काढलीस? बाबा सुरुंग भरायचे, चिमे. आजारी पडायला त्यांना वेळ तरी होता का? कड्याला भेग गेली आहे, हे त्यांनी आदल्याच आठवड्यात साहेबाला सांगितलं होतं. साहेब म्हणाला, भेगा मोजायला पगार देत नाही तुला.

मार्चअखेर पुन्हा सुनावणी आहे. तू यायचंस आणि सगळ्यांसमोर सांगायचंस की हे खोटं आहे. एवढंच. राहू नकोस, जेवू नकोस, हवं तर माझ्याशी बोलूही नकोस. ये फक्त.

ताई


५ फेब्रुवारी

चिमे,

तुझं कार्ड मिळालं. कार्ड! पुढे जांभळ्या फुलांचं चित्र, मागे चार ओळी. “ललित लेखनात स्मृतीला थोडी मोकळीक असते, ताई. ते पुस्तक म्हणजे साक्ष नव्हे.”

मोकळीक काय? बापाला खाटेवर मारायची?

बरं, बाबांचं राहू दे बाजूला. तू बागांवर पुस्तकं लिहितेस, लोक तुझं ऐकून खुरपी विकत घेतात, निदान गुलाबाबद्दल तरी खरं लिहायचंस. सावली म्हणे. सावलीत त्याला एक कळी धरत नाही. त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोक्यावर ऊन लागतं. खत घातलंस तर नुसता पाल्याने माजतो आणि पानांवर भुरी धरते, पीठ शिंपडल्यासारखी. रोज पाणी घातलंस तर मुळं कुजतात. त्याला पडलेला चुनखडीचा मलबा आवडतो, ज्यात पाणी पडलं की लगेच खाली निघून जातं. मुळं फटीफटींतून इतकी खोल जातात की वरून ओढलंस तर हातात काटे येतात, झुडूप येत नाही. आणि काटे म्हणजे तुझ्या दुकानातल्या गुलाबासारखे अंतरा-अंतरावर नव्हेत, ब्रशसारखे दाट. हिवाळ्यात कडक थंडी खाल्ल्याशिवाय तो फुलतही नाही. वर्षातून एकदा, मे सरता सरता, पाच पाकळ्यांचं साधं फूल. आठवडा-दोन आठवडे, की संपलं.

आणि तो आईने लावलेला नाही. कोणीच लावलेला नाही. पाखरांनी फळं खाल्ली, बिया टाकल्या. कडा पडल्यावर काही वर्षांनी पहिली काडी दिसली. आई तेव्हापासून दर उन्हाळ्यात चढून जायची. फूल तोडायची नाही, पाणीही घालायची नाही. दगडावर बसायची, उठायची, घरी येऊन कणीक मळायला घ्यायची. गुडघे गेले तेव्हा रस्त्यावरूनच बघायची.

आता माझी बातमी. खडीच्या क्रशरवर गेली वीस-बावीस वर्षं मी वजनकाट्यावर बसते आहे, हे तुला माहीत आहेच. नसेल तर आता कळलं. क्रशरही त्याच कंपनीने घेतला आहे. सुनावणीनंतर चारच दिवसांत मला काट्यावरून उठवलं आणि मागच्या गोदामात बसवलं. काम काय, तर हातमोजे आणि हेल्मेट द्यायची आणि परत घ्यायची. काट्यावर आता मॅनेजरचा भाचा बसतो. काल त्याने मातीचा ट्रक खडी म्हणून सोडला. ड्रायव्हर मुद्दाम गोदामाशी येऊन मला सांगून गेले आणि पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. हातमोज्यांचा वास येत राहतो कपड्यांना.

मॅनेजर म्हणाला, “बाई, तुमची रिटायरमेंट जवळ आली, कशाला उगाच?” मी म्हटलं, “म्हणूनच.”

तुझी पुढची ओळ मी वाचायला तयार आहे. चित्राशिवाय, आणि या वेळी लांब पत्र पाठव.

ताई


२६ फेब्रुवारी

चिमे,

लांब पत्र मागितलं होतं, लांब आलं. दोनदा वाचलं. तुझा शब्द जसाच्या तसा लिहिते, नंतर ‘मी असं म्हटलं नव्हतं’ नको.

तू लिहितेस: “मी सात वर्षांची होते. भोंगा वाजत होता आणि मावशी गाडी घेऊन आली. मला म्हणाले, बाबा आजारी आहेत, दोन दिवस मावशीकडे राहा. त्या दोन दिवसांची दहा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात मावशीने सांगितलं, बाबा झोपेतच गेले. अंगण मावशीचं, विहीर मावशीची, गुलाबही तिचाच होता, कुंपणावरचा. बाराव्या वर्षी एका मुलीने शाळेत मला खरं सांगितलं. पण तोवर खाटेवरचे बाबा माझे झाले होते, ताई. माझ्याकडे दुसरे नव्हतेच. तुम्ही कोणी मला त्या दगडांपर्यंत नेलंत का कधी?”

नेलं नाही. बरोबर आहे. पण तू सुट्टीत यायचीस ती दोन दिवस, नव्या फ्रॉकमध्ये, आणि संडासाला जायचं म्हटलं तरी नाक मुरडायचीस. तुला त्या काट्यांत कुठे चढवायचं होतं?

तुला तिथे स्वतःची खोली होती. टेबल होतं, टेबलावर दिवा होता. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून क्रशरवर पाट्या उचलायला लागले. मग मी काय समजावं, की माझी धाकटी बहीण दुःखात आहे? मला वाटलं, सुटली. एकजण तरी सुटली.

मावशीला फोन कोणी केला, असं विचारतेस. आईने केला नाही, एवढं सांगते. आई त्या दिवशी फोन करण्याच्या स्थितीत नव्हती. ती खाणीच्या फाटकाला धरून उभी होती आणि तिची बोटं सोडवायला दोन माणसं लागली. घरात दूध नव्हतं, तू रडत होतीस, कोणीतरी काहीतरी ठरवायला हवं होतं. ठरवलं. त्याबद्दल कोणी कोणाची माफी मागावी असं मला वाटत नाही, आणि हा विषय इथे संपला.

दुसरं. अधिकाऱ्यांनी वनस्पतिशास्त्राच्या एक बाई पाठवल्या होत्या, तरुण, पायात जाड बूट. मी त्यांना वर घेऊन गेले. मनात म्हटलं, आता ही बघेल आणि कंपनीचं थोबाड बंद करेल. तर ती तीन तास दगडांवर रांगली आणि खाली येऊन मलाच म्हणाली, “तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. जुनी झुडपं हलवली तर मरतील. पण मुळांपासून आलेले फुटवे थंडीत काढून अशाच मलब्यात लावले, तर बरेचसे जगतात. मी तसं लिहिणार.”

“अहो, पण मग ते कडा उचलतील!”

“मला गुलाबाबद्दल विचारलंय,” ती म्हणाली. मग बूट सोडता सोडता थांबली. “तुम्हाला गुलाबाबद्दल बोलायचं नाहीये, हो ना?”

मी तिला चहा दिला नाही. नंतर वाईट वाटलं. खरं बोलली म्हणून चहा न देणारी मी, आणि तुला खरं बोल म्हणून सांगतेय.

पण बघ, आता झुडपाचा आधार गेला. आता एकच गोष्ट उरली. तिथे माणसं आहेत, हे कोणीतरी असं सांगायला हवं की त्या वकिलाला हसता येणार नाही. मी सांगितलं तर तो पुस्तक काढतो. वायरमनची बायको सांगते तर म्हणतो, वय झालं आहे. मुकादमांची मुलं कुठे गेली कोणाला ठाऊक नाही.

तू ये.

ताई


१२ मार्च

नाही येत म्हणतेस. प्रकाशक म्हणतो, नवी आवृत्ती छापायला गेली आहे, अशा वेळी लेखिकेनेच उभं राहून आठवणी खोट्या म्हटल्या तर लोक काय म्हणतील.

लोक! आमच्यावर हसले ते लोक नव्हते का?

नको येऊस. तुझ्या वाचकांना सांभाळ. मावशीच्या विहिरीचं पाणी घाल त्यांना. आम्ही दोघी बायका आहोत, एक बहिरी आणि एक तोंडाळ, आमचं आम्ही बघू.

हे पत्र टाकू नये असं वाटतंय, म्हणून लगेच टाकते.


२ एप्रिल

चिमे,

तू शेवटच्या गाडीने गेलीस, स्टँडवर सांगायचं राहिलं ते आता लिहिते.

हॉलमध्ये तू मला न सांगता आलीस, मागच्या रांगेत बसलीस. मी बघितलंच नाही. मी आपली नेहमीचं बोलत होते आणि वकिलाचा हात ब्रीफकेसकडे गेला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, “ते पुस्तक मी लिहिलंय.” मला वाटलं आईच बोलली. तुझा आवाज असा तिच्यासारखा कधी झाला गं?

तू काय बोललीस ते तुला सांगत नाही. पण तू पुढे येऊन अधिकाऱ्यांकडे तोंड करून उभी होतीस, तुझ्या मागे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून सांगते. तू म्हणालीस, “ते अंगण माझ्या मावशीचं. माझे वडील खाटेवर गेले नाहीत. मला तसं सांगितलं गेलं आणि खरं कळल्यावरही मी तेच लिहिलं, कारण मला ते आवडत होतं.” तेव्हा मॅनेजर शेजारच्याच्या कानात काहीतरी कुजबुजला आणि शेजारचा त्याच्यापासून सरकून बसला. क्रशरचे ड्रायव्हर भिंतीशी उभे होते, त्यांनी टोप्या काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

वकील म्हणाला, “म्हणजे बाई, आपण खोटं लिहिता. मग आज खरं बोलताय कशावरून?” मला वाटलं, झालं, आता ही रडणार. तू म्हणालीस, “कारण यात माझा काही फायदा नाही. तुमचा आहे का?”

हॉलमध्ये पुन्हा हसले लोक. या वेळी मीही हसले. वायरमनच्या बायकोने पुन्हा बाही ओढली, आणि मी तिच्या कानात सगळं ओरडून सांगितलं. अधिकारी म्हणाले, “बाई, हळू.” मी हळू केलं नाही.

पण तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. घरी आल्यावर तू मला विचारलंस, “मावशीला फोन तूच केला होतास ना?” आणि मी हो म्हटल्यावर तू ताट सारलंस. उपाशी गेलीस. अगं, मी पंधरा वर्षांची होते! तू ओरडलीस, “मग मी सात वर्षांची होते!” शेजारीण दारात येऊन गेली, आपल्याला दिसलीही नाही. एवढं भांडण आपण कधीच केलं नव्हतं. लहानपणी करायचं राहिलं होतं बहुतेक.

आणि मग वर गेलो. तुझे शहरातले बूट दगडांवर घसरत होते, मी हात पुढे केला तो तू धरला नाहीस, माझी पिशवी धरलीस. झुडपं अजून नुसत्या काटक्याच होती, कुठे कुठे बारीक पान फुटलेलं. तू उभी राहिलीस आणि विचारलंस, “कुठे?”

चिमे, मला बोट दाखवता आलं नाही. एवढी वर्षं मी सगळ्यांना ‘तिथे, तिथे’ म्हणत आले. तिथे म्हणजे कुठे, ते मलाही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. कडा केवढा आहे तो. मी म्हटलं, “सगळीकडेच.” तू खाली बसलीस, काट्यांमध्येच. उठताना तुझी चांगली साडी फाटली, आणि तू ती सोडवायची घाई केली नाहीस.

कपड्याचा तुकडा अजून झुडपावर आहे. मी काढला नाही.

ताई


२३ मे

चिमे,

निकाल आला. वाचून घरभर नाचले आणि पुढच्या परिच्छेदाला येऊन डोकं फिरलं.

पडलेला कडा उचलायचा नाही. कायमचा नाही. खाणीची दक्षिण बाजू कंपनीला दिली, ती त्यांनी खुशाल खावी. पण कारण काय लिहिलंय, तर ‘दुर्मीळ वनस्पतीचा नैसर्गिक अधिवास’. तिघांचा उल्लेख एका ओळीत: ‘स्थानिकांच्या भावना लक्षात घेता’. बाबा म्हणजे स्थानिकांच्या भावना!

यावर कळस ऐक. कंपनीने लगेच तारेचं कुंपण घातलं, त्यावर पाटी: ‘संरक्षित क्षेत्र. प्रवेश बंद.’ रविवारी वर पहिलं फूल आलंय असं दिसलं, म्हणून मी आणि वायरमनची बायको गेलो. तर तिथे रखवालदार! म्हणतो, “आत जाता येणार नाही मावशी, झाडाला इजा होते.”

वायरमनची बायको त्याला म्हणाली, “माझा नवरा आत आहे.”

त्याला वाटलं कुंपणाच्या आत कोणी माणूस घुसला आहे. तो हाका मारत सगळीकडे बघून आला. परत येऊन म्हणाला, “कोणी नाही आत.” ती म्हणाली, “आहे. तुला दिसणार नाही.” त्या माणसाचा चेहरा असा झाला, चिमे, की त्याच्यावर ओरडवेना. त्याने तार वर धरली. पण तो एकच दिवस. पुढच्या वेळी दुसरा रखवालदार असेल.

म्हणजे झुडूप वाचलं आणि आम्ही बाहेर. याला काय म्हणावं?

मी अर्ज केला आहे. फूल येतं त्या दिवसांत आम्हाला आत सोडा, आणि पाटीवर तिन्ही नावं लिहा, कामासकट: सुरुंगवाला, वायरमन, मुकादम. कार्यालयातला कारकून म्हणाला, मृताच्या वारसाने अर्ज केला तर त्याच्या सगळ्या भावंडांच्या सह्या लागतात, नाहीतर अर्ज पुढे जात नाही. मुदत संध्याकाळची. तुला कळवून, तुझं उत्तर येऊन, कधी व्हायचं ते?

तुझी सही मी केली. तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते तशीच, शेपटी लांब ओढून. कारकुनाने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

खोटी सही केली, हो. मी. आता तू लिही मला लांबलचक पत्र आणि घे तोंडसुख. किंवा लिहीत बसू नकोस. सात तारखेला त्या अर्जावर बोलावलं आहे, दोघींना, सकाळी अकराला. ते विचारतील, ही सही तुमचीच का. तू माझ्या शेजारी उभी राहून हो म्हणायचंस.

सपाट तळाचे बूट घालून ये.

तुला अनेक आशीर्वाद.

ताई